नमुना आणि माल

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्प-प्रदर्शनांत दर साल इलेक्ट्रॉनिक उपकरणांची रेलचेल असते. जमिनीतील ओल पाहून पाणी सोडणारी, गॅसच्या गळतीची वर्दी देणारी, शेतातील पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारी अशी ती नानाविध असतात. परीक्षकांच्या देखत एकवार चालवून दाखविली की गुण पदरात पडतात आणि उपकरणे कपाटात जातात. त्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीविषयी अथवा परिश्रमाविषयी मला तिळमात्र संदेह नाही. माझी तक्रार आहे ती परीक्षेच्या शिरस्त्याविषयी. कारण ज्या ठिकाणी खऱ्या अभियांत्रिकीस आरंभ व्हावयाचा, नेमक्या त्याच ठिकाणी हा शिरस्ता काम पुरे झाल्याचा दाखला देऊन मोकळा होतो.

पंपाच्या उपकरणाचेच पाहा. प्रयोगशाळेतील स्थिर विजेवर ते बिनचूक चालते. परंतु शेतावरील फीडरवर आसपासच्या चार मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खचते, आणि अशा क्षणी उपकरणातील मायक्रोकंट्रोलर धड बंदही पडत नाही व धड चालतही नाही, अशी एक अवस्था येते. तिला ब्राउन-आउट म्हणतात. तीत सापडलेली चिप भलतीच आज्ञा पाळू शकते, स्मृतीत जपलेल्या नोंदी बिघडवू शकते, किंवा रिले विनाकारण ओढून विहिरीत पाणी नसताना मोटार फिरवू शकते. हा धोका ओळखूनच चिपमध्ये ब्राउन-आउट डिटेक्टर बसविलेला असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की तो प्रोसेसरला थांबवून धरतो. आर्डुइनो ऊनो या विद्यार्थिप्रिय बोर्डावरील एटीमेगा ३२८पी चिपमध्ये १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट अशा तीन मर्यादांची सोय आहे. तयार बोर्डावर ती २.७ ला लावलेली येते. पण त्या बोर्डाच्या १६ मेगाहर्ट्झ गतीसाठी चिपला सुमारे ३.८ व्होल्ट तरी मिळावयास हवेत, असे निर्मात्याच्याच डेटाशीटमधील आलेखावरून निघते. म्हणजे या दोन आकड्यांमधील पट्ट्यात चिप चालत राहते, परंतु ती बरोबर चालेल याची हमी कोणीही दिलेली नसते. हे अंतर ज्याच्या ध्यानी आले, तो मर्यादा ४.३ वर नेतो. बदल काय तो एका फ्यूज-बिटचा. पण तो करावयास हवा, ही गोष्ट टेबलावरच्या प्रात्यक्षिकातून कधीच उमगणार नाही.

प्रोग्रॅम अडकून पडला तर काय, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी वॉचडॉग टायमर असतो. नेमून दिलेल्या मुदतीत प्रोग्रॅमची हजेरी लागली नाही, तर तो प्रोसेसर नव्याने सुरू करतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार रिसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदींचे कमी अग्रक्रमाचे काम एक सामाईक साधन अडवून बसे, मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि त्यापायी सर्वांत तातडीचे काम खोळंबून मुदत टळे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील जोड-यंत्रावर हाच दोष पुन्हा घडवून आणला, प्रायॉरिटी इनहेरिटन्सची, म्हणजे साधन अडवून बसलेल्या कामास तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम देण्याची, सोय चालू केली आणि ती दुरुस्ती मंगळापर्यंत पाठविली. जोड-यंत्र जपून ठेवलेले होते आणि घडामोडींची नोंद घेणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये शाबूत होती, म्हणूनच हे साधले.

मुरलेल्या मंडळींच्या हातूनही चूक होते. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या बोर्डाला वीज घेण्यासाठी यूएसबी-सी जोडणी दिली होती. त्या जोडणीच्या नियमानुसार तिच्या दोन सीसी पिनांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर हवा; या बोर्डात दोन्ही पिना एकत्र करून एकच रेझिस्टर लावला गेला. साध्या केबलने सारे सुरळीत चाले; मात्र ई-मार्क चिप असलेली केबल लावली की चार्जर या बोर्डास ध्वनिसाधन समजून वीज नाकारी. निर्मात्यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली व पुढील आवृत्तीत ती सुधारली. नगण्य किमतीचा एक रेझिस्टर, आणि तो नसल्याचे विक्री सुरू झाल्यावर उघडकीस आले!

असे होऊ नये म्हणून उद्योगात ईव्हीटी, डीव्हीटी आणि पीव्हीटी या पायऱ्यांचा प्रघात आहे. रचना मुळात चालते की नाही, ती उष्णता, दमटपणा, धक्के व विद्युत्चुंबकीय उपद्रव सोसते की नाही, आणि शेवटी कारखान्याच्या ओळीवर, तिथल्याच कामगारांच्या हातून, दर वेळी तशीच निघते की नाही, हे त्या क्रमाने पाहिले जाते. यांतील तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. बीओएममधील, म्हणजे भागांच्या यादीतील, प्रत्येक सुट्या भागाचा तपशील, एखादा भाग बाजारात न मिळाल्यास त्याचा पर्याय, आणि प्रत्येक बोर्ड काही सेकंदांत पारखणारा टेस्ट जिग यांवाचून ती पार पडत नाही. आणि याच गोष्टींना आपल्या प्रकल्प-अहवालांत जेमतेम जागा मिळते.

एवढा वेळ आणि पैसा विद्यार्थ्यांनी कोठून आणावा, अशी हरकत घेतली जाईल आणि ती गैरवाजवी नाही. परंतु एकाच महाविद्यालयात दरवर्षी नवनवे विषय काढून तीच ती पाणी सोडणारी यंत्रे पुनःपुन्हा करण्यापेक्षा, गेल्या वर्षीच्या चांगल्या नमुन्याच्या दहा प्रती या वर्षीच्या तुकडीने केवळ कागदपत्रांवरून तयार कराव्यात, खचत्या व्होल्टेजवर व भर उन्हात ठेवून त्या तपासाव्यात, आणि किती टिकल्या याबरोबरच उरलेल्या का बिघडल्या याच्या खुलाशालाही गुण द्यावेत, तर खर्च फारसा वाढणार नाही. मूळ तुकडीची कागदपत्रे अपुरी निघाली, तर तोही धडाच होय. पुणे, मुंबई आणि लोणेरे येथील विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी ही तजवीज निदान एका शाखेपुरती, येत्या वर्षापासून करून पाहावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.