व्याख्यान मोफत, पण वेळेवर पोहोचणार कोण?

नौपाड्यात दर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला भरते. प्रवेश सर्वांना खुला. ही परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये.

मग अडचण काय? वेळेची. संध्याकाळी वक्ता बोलायला उभा राहतो, तेव्हा मुंबईत नोकरी करणारे अनेक ठाणेकर लोकलमध्ये उभे असतात. घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर निघताच येत नाही.

म्हणून कोणत्याही व्याख्यानमालेने प्रत्येक भाषण प्रश्नोत्तरांसह ऑनलाइन मोफत ठेवावं. सोबत नुसता ऑडिओही द्यावा; डेटा कमी लागतो, गर्दीतही ऐकता येतं. समोर बसून ऐकण्याची मजा वेगळीच. पण इतिहास-अर्थकारणावरची चर्चा फक्त संध्याकाळी मोकळं असणाऱ्यांपुरती राहू नये.