पांढऱ्या मातीचा विसर

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरचा पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो, हे या शहराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्यावरील उपायही एके काळी ठाऊक होता. मराठवाड्यातील जुन्या माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे व पावसाळ्यापूर्वी तो नव्याने घातला जाई. थराची जाडी उष्णता अडवी, त्याचा रंग ऊन परतवी. आपण माळवदे मोडून सिमेंटच्या गच्च्या घातल्या, गळती थांबावी म्हणून त्यांवर काळे डांबर फासले आणि मग खालच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसविले. दिवसभर तापलेली गच्ची रात्री घरात उष्णता सोडते, यंत्र ती रस्त्यावर फेकते, आणि विजेचे बिल तेवढे आपल्या हाती येते!

ज्यांच्याजवळ यंत्र नाही, त्यांचे काय? चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांत राबणारी अनेक कुटुंबे पत्र्याखाली राहतात. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराने भर दुपारी त्या पत्र्याखाली झोपावे कसे, हा प्रश्न नगररचनेचा आहे, तितकाच न्यायाचाही आहे.

उपाय महाग नाही. काळे छप्पर आपल्यावर पडणारे बहुतेक ऊन शोषून घेते. ताजे पांढरे छप्पर त्यातील मोठा भाग माघारी धाडते, आणि खोली २ ते ५ अंशांनी थंड राहू शकते. अहमदाबादेने २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्यास आरंभ केला. १९५६ पर्यंत आपण ज्या हैदराबाद राज्याचे घटक होतो, त्याच्या राजधानीतून तेलंगण सरकारने २०२३ साली शीतल छपरांचे धोरण जाहीर केले व सरकारी इमारतींना ते बंधनकारक ठरविले.

धुळीने रंग मळतो, चुना पावसात धुऊन जातो, हा आक्षेप खरा आहे. परंतु माळवदाची मातीही वरचेवर घालावीच लागे. त्या श्रमाला आपले वाडवडील घराची निगा म्हणत.

महापालिकेने आपल्या शाळा व दवाखाने यांच्या छपरांपासून आरंभ करावा, पत्र्याच्या वस्त्यांना पांढरा रंग होळीपूर्वी पोचवावा आणि नव्या बांधकाम परवान्यात पांढऱ्या गच्चीची अट घालावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. सुशिक्षित नागरिकांनी मात्र तिच्या ठरावाची वाट पाहत बसू नये. आपल्या गच्चीला चुन्याचे दोन हात देण्यास कोणाची मंजुरी लागत नाही.