चार ओहमचा हिशेब

तेर ते ढोकी या रस्त्यावर माझा भाचा काळी-पिवळी जीप चालवतो. जीप जुनी आहे, पण तिच्यावर पाच माणसांचे घर चालते. बहिणीने बचत गटाचे कर्ज उचलून ती घेऊन दिली. अशा जीपमध्ये दोन मोठे सबवूफर बसवण्याची गरज होती काय, हे मीही विचारले. त्याचे म्हणणे, गाणे नसले तर कॉलेजची पोरे मागच्या गाडीत बसतात. असो. बसवले ते बसवले.

पंधरा दिवसांनी तो घरी आला. ‘मामा, आवाज वाढविला की अँप बंद पडायलाय. दुकानदार म्हणतोय, अँपच कमी पडायलाय, मोठा घ्या.’ मोठा म्हणजे आणखी नऊ हजार. बहीण गटातून पुन्हा पैसे काढायच्या तयारीत होती. मी म्हटले, आधी अँपची पाटी वाचू.

मी बी.कॉम. झालेला कारकून. पण जयंतीच्या कर्ण्यांची व्यवस्था कैक वर्षे माझ्याकडे असल्यामुळे वायरी ओळखतो. आणि खरे सांगायचे तर हे काम विजेपेक्षा हिशेबाचेच जास्त आहे.

पाटीवर लिहिले होते : ब्रिज जोडणीत ४ ओहमवर ४०० वॅट, त्याहून कमी ओहम लावू नये. ब्रिज म्हणजे अँपचे दोन चॅनेल मिळून एक करणे. त्यात प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला निम्मे ओहम येतात, म्हणून एका चॅनेलला २ ओहम झेपत असले तरी ब्रिजवर ४ लागतात. आता सबवूफर पाहा. प्रत्येकात ४ ओहमच्या दोन कॉइल, म्हणजे दोन सबवूफरच्या मिळून चार. दुकानातल्या पोराने चारही समांतर, म्हणजे पॅरलल जोडल्या होत्या. समांतर जोडणीत सारख्या कॉइल जितक्या वाढवाल तितके ओहम भागले जातात. ४ भागिले ४, उरला १ ओहम. अँपपासून वायर सोडवून मीटर लावला तर त्याने ०.९ दाखवले. (तारेचा रोध लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच दिसतो, त्याने घाबरू नये.)

पुष्कळांना वाटते की ओहम कमी म्हणजे भार कमी. आहे उलटे. ४ ओहमवर ४०० वॅट द्यायला ४० व्होल्ट आणि १० अँपियर लागतात. त्याच ४० व्होल्टपुढे १ ओहम ठेवला की मागणी होते ४० अँपियर आणि १६०० वॅटची. दहा पायल्यांच्या पोत्यात चाळीस पायल्या भरण्यासारखे हे. अँप मधेच बंद पडत होता म्हणूनच वाचला. मोठा अँप आणून त्याच जोडणीवर लावला असता तर कदाचित तोही बंद पडला असता, नाहीतर कॉइल जळाल्या असत्या.

उपाय फुकटचा होता. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल एकसर, म्हणजे सिरीज जोडल्या : एकीच्या ऋण टोकाला दुसरीचे धन टोक. ४ अधिक ४ झाले ८. मग असे ८ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, ८ भागिले २, झाले ४. पाटीवर होते तेवढेच. प्रत्येकाच्या वाट्याला २०० वॅट आले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० वॅट छापले होते, पण आतल्या कागदावर आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे, २५० होते. घेताना हाच आकडा विचारावा. मोठ्या अक्षरांचा आकडा दुकान सजवायला असतो.

एवढ्यावर काम संपले असते, पण आसनाखालची चटई उचलली आणि माझ्या पोटात गोळा आला. बॅटरीपासून अँपपर्यंत घरातल्या फिटिंगची ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती. तिचे आवरण दोन ठिकाणी मऊ होऊन चिकटले होते. बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच, आणि अँपचा फ्यूज एकदा उडाल्यावर भाच्याने त्यात सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली होती! त्याच आसनावर सकाळी शाळेची मुले बसतात.

४०० वॅट बाहेर देताना अँप स्वतःची उष्णता धरून बॅटरीकडून ६०० वॅटच्या आसपास मागतो. १३ व्होल्टला भागले की सुमारे ४५ अँपियर होतात. पाच मीटर लांबीच्या त्या वायरीत तेवढ्या प्रवाहाला जवळजवळ १ व्होल्ट वाया जातो आणि चाळीसेक वॅट उष्णता चटईखाली निघते. आम्ही १६ चौरस मिलिमीटरची वायर आणली, उष्णता एक चतुर्थांशावर आली. वायर घेताना टोक खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर ते ॲल्युमिनियम, वर फक्त तांब्याचा मुलामा. ६० अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. तो वायरीसाठी असतो, म्हणून अँपपाशी लावून भागत नाही. बॅटरीचे ऋण टोक सोडूनच हे सारे केले. अर्थिंगसाठी चेसिसवरचा रंग खरवडून बोल्ट घट्ट आवळला.

वायर आणि फ्यूज धरून दोन हजारांच्या आत काम झाले. तरी पहिल्यांदा गाणे लावले तर धमक येईना. एक सबवूफर उलटा जोडला गेला होता, एकाचा कागद बाहेर येताना दुसऱ्याचा आत जात होता. हे ओळखायला अँपच्या वायरी सोडून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल धन टोकाला धन असा क्षणभर लावावा, कागद बाहेर सरकला पाहिजे. सेल धरायला बहिणीची धाकटी बसली होती. दुसऱ्याचा कागद आत गेला तेव्हा तीच ओरडली, ‘दादा, ह्यो उलटा हाय!’