‘जरा पुढे घ्या ना भाऊ!’

मैत्रिणींनो, हल्ली तालुक्याच्या गावांतूनही सिमला-मनाली, सिक्कीमच्या सहली निघतात. मुलांना बर्फात खेळवायचं, फोटो काढायचे, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण हाच बर्फ जीवही घेतो.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक दगावले. त्यांत लहान मूलही होतं. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, पण पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असं पोलिसांनी सांगितलं. गेलेल्यांना नावं ठेवायची नाहीत. ‘एवढे पैसे खर्चून आलोय, जरा पुढे घ्या ना भाऊ!’ असं ड्रायव्हरला आपणही म्हणतोच की!

हिमस्खलन म्हणजे बर्फाची दरड. जुन्या बर्फावर नव्या बर्फाचा थर साचतो. दोघांची पकड नीट बसली नाही, की वरचा थर अख्खाच्या अख्खा घसरतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा धोका जास्त. मोठी बर्फवृष्टी झाल्यानंतरचे एक-दोन दिवस तर फारच वाईट. आकाश निळंशार, छान ऊन पडलेलं, आणि वरचा थर मात्र सुटायच्या बेतात! गाडल्या गेलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची आशा बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती फार कमी उरते. डोंगरात इतक्या लवकर मदत पोचणार कशी?

धोक्याचा अंदाज देणारी संस्था आपल्या देशात आहे. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधल्या चमोलीसह काही जिल्ह्यांना इशारा दिला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. ५४ मजुरांपैकी ४६ वाचले, आठ गेले. इशारा होता, तरी माणसं छावणीतच होती. पोटासाठी घर सोडून आलेला मजूर ‘मी आज इथे झोपणार नाही’ असं कुणाला सांगणार? त्याला वेळेत हलवणं हे काम देणाऱ्यांचं कर्तव्य आहे आणि त्याचा जाब विचारला गेलाच पाहिजे.

आपल्याला मात्र ‘नको’ म्हणता येतं. पैसे भरण्याआधीच सहलवाल्यांना विचारा: परवाना कुठपर्यंतचा? रस्ता बंद झाला तर दुसरा कार्यक्रम काय? मुलगा-मुलगी हिमालयात ट्रेकला निघाली असतील, तर गाडलेल्याला शोधायचं यंत्र, लांब काठी आणि फावडं सोबत आहे का, आणि हवा बिघडली तर मागे फिरायचं कोण ठरवणार, हेही विचारा. विचारायला लाजू नका.

आणि ड्रायव्हर ‘आगे नहीं जाएंगे’ म्हणाला तर त्याचं ऐका. एक दिवस हॉटेलात बसून चहा-भजी खाल्ली म्हणून सहल काही वाया जात नाही.