एका बाजूची धार

स्वयंपाकघरातली सुरी ही सहसा कौतुकाची वस्तू नसते. भाजी चिरली, पाव कापला, धुऊन ठेवून दिली. बोथट झाली की नवी आणली. जपानमध्ये मात्र मासे साफ करण्याची एक सुरी अशी आहे, की जिच्या एका पात्यात दोन-तीन निरनिराळ्या कारागिरांचे उभ्या हयातीचे कसब उतरलेले असते. तिचे नाव देबा-बोचो. 'बोचो' म्हणजे स्वयंपाकाची सुरी आणि 'देबा' म्हणजे पुढे आलेले पाते. ती पहिल्यांदा घडवणाऱ्या लोहाराचे दात पुढे आलेले होते, त्यावरून हे नाव पडले, असेही तिकडे सांगतात. ही अगदी शब्दशः 'दंतकथा'!

पाते साधारण १५ ते २१ सेंटिमीटर लांब, पाठ चांगली जाड, आणि वजन हाताला जाणवेल असे. पण खरी गंमत धारेत आहे. आपल्या नेहमीच्या सुरीला दोन्ही बाजूंनी धार असते. हिला एकाच बाजूने. उजव्या हातात धरली की उजवी बाजू उतरती घासलेली दिसते, तर डावी बाजू सपाट आणि मध्ये किंचित खोलगट असते. ही सपाट बाजू माशाच्या काट्याला लागून सरकते, त्यामुळे काट्यावर मांस फारसे राहत नाही. खोलगटपणामुळे मासा पात्याला चिकटत नाही आणि धार लावणेही सोपे जाते. डावखुऱ्यांसाठी मात्र उलट घासलेली सुरी लागते, आणि तिचे मोल अधिक पडते.

आपल्या विळीवर पाते स्थिर असते आणि मासा हलतो; तिथे मासा फळीवर स्थिर असतो आणि पाते चालते. टाचेकडच्या जाड भागाने डोके उडवायचे, टोकाने पोट उघडायचे, मग पाठीच्या कण्याला लागून पाते फिरवायचे. एका माशाचे तीन भाग होतात : दोन मांसल काप आणि मधला काटा. डोके आणि काटेही टाकून देत नाहीत, त्यांचे सार होते. कच्च्या माशाचे पातळ काप करायला पुन्हा वेगळी, लांब, निमुळती सुरी.

या सुऱ्यांचे सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेले साकाई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली आणि ती बारीक कापण्याच्या सुऱ्या साकाईत होऊ लागल्या. त्या इतक्या सरस निघाल्या की तोकुगावा राजवटीने त्यांना आपली खास मोहोर दिली. देबाही त्याच काळातली. पुढे १८७६ साली सामुराईंना तलवार बाळगण्याची बंदी झाली, आणि देशातल्या कित्येक तलवारकारांनी पोटासाठी सुऱ्या, विळे आणि अवजारे घडवायला घेतली. १९८२ मध्ये सरकारने साकाईच्या या हत्यारकामाला पारंपरिक कलेचा दर्जा दिला.

एक सुरी एकाच हातून तयार होत नाही. लोहार मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पट्टा ठेवून भट्टीत दोन्ही जोडतो. धार पोलादाची, अंग लोखंडाचे. सगळेच पाते कडक केले तर ते ठिसूळ होते आणि दगडावर घासताना दमछाक होते. मऊ लोखंड घाव सोसते. मग पात्याला मातीचा लेप देऊन ते सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे. आपला लोहार यालाच 'पाणी देणे' म्हणतो. तापमान ओळखायचे पोलादाच्या रंगावरून, म्हणून भट्टीची जागा अंधारी ठेवतात. तिथून पाते जाते धार लावणाऱ्याकडे. तो स्वतंत्र कारागीर. शेवटी व्यापारी त्याला लाकडी मूठ बसवतो.

ही साखळी जितकी सुंदर, तितकीच नाजूक आहे. लोहार शाबूत राहिला आणि धारवाला गेला, तरी सुरी होत नाही. आणि मागणी तर घरातूनच आटली. दुसऱ्या महायुद्धानंतर 'सान्तोकु' नावाची, मासे, मांस, भाजी सगळ्याला चालणारी दुधारी सुरी घरोघर आली. बाजारात मासा कापून, तबकात बांधून मिळू लागला. यात गृहिणींना दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने खवले का काढत बसावे? सोय ही काही पाप नव्हे. फक्त तिची किंमत कुठे तरी चुकती होत असते, एवढे ध्यानात असावे.

ती किंमत नेमकी कोण चुकती करतो? मी अनेक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. त्यात जागा, यंत्रे, शिल्लक माल यांना रकाने असत. हातातल्या कसबाला रकाना नसे. नावलौकिकाला मात्र बाजारात मोल होते, आणि तो ज्याच्या नावाचा, त्याचाच. साकाईतही पात्यावर बहुधा व्यापाऱ्याचे नाव कोरले जाई. भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस अनामिकच राही. व्यापाऱ्याचे काम खोटे नाही. तो मागणी आणतो, साठा ठेवतो, बुडाले तर झीज सोसतो. पण ज्याचे नावही गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, त्याच्या मुलाने अंधाऱ्या भट्टीत दहा वर्षे उमेदवारी का करावी? अलीकडे काही विक्रेते लोहाराचे आणि धारवाल्याचे नाव उघड सांगू लागले आहेत. उशिरा का होईना, हे योग्यच झाले.

आता नवी मागणी परदेशातून येते. टोकियोच्या काप्पाबाशी बाजारात परदेशी पाहुणे सुऱ्या घ्यायला गर्दी करतात. त्याने भट्ट्यांना काम मिळते, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्यातल्या कित्येक सुऱ्या दिवाणखान्यात शोभेला राहणार, हेही उघड आहे. पोलादाची ही सुरी ओली ठेवली की गंजते; वापरून लगेच पुसावी लागते, अधूनमधून दगडावर बसावे लागते. जो हे करतो तोच पुन्हा धारवाल्याकडे जातो, चांगले-वाईट पाते ओळखतो आणि योग्य दाम मोजतो. कारागिराला असे जाणते गिऱ्हाईक हवे असते. पुरस्कार आणि दर्जा त्याच्यानंतर.

टोकियोतल्या उएनो भागात शिनोबाझु तळ्यावर बेनतेनचे मंदिर आहे. बेनतेन म्हणजे मूळची आपली सरस्वती. तिच्या आवारात सुऱ्यांच्या स्मरणार्थ एक शिळा उभी आहे. खंडेनवमीला विळी-कोयत्याला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या घरांना ही कृतज्ञता परकी वाटू नये. तरी पूजेचा दिवस वर्षातून एकदाच येतो आणि कारागिराची चूल रोज पेटावी लागते. पुढच्या वेळी एखादी चांगली सुरी घेताना दुकानदाराला विचारून पाहा : ही घडवली कोणी, आणि धार गेली तर लावून देणार कोण?