स्टेरॉइड : उंदराचा हिशेब माणसाला नको

उंदराला स्टेरॉइड दिले की त्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. माकडात आणि माणसात त्या मुख्यतः रक्तातून अस्थिमज्जेत जातात. एका डोसनंतर २४ तासांत संख्या पूर्ववत होते. म्हणून औषध निर्धोक ठरत नाही. ते रोज घेतल्यास प्रतिकारशक्ती दबते, रक्तातील साखर वाढते, बुरशीला रान मोकळे मिळते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीने महाराष्ट्राने हे भोगले. २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे मृत्यू घटवले. न लागणाऱ्यांना लाभ झाला नाही. दोष औषधाचा नाही, ते चिठ्ठीविना विकण्या-घेण्याचा आहे. स्टेरॉइड मनाने सुरू करू नये. बरेच दिवस चालू असलेले मनाने एकदम बंदही करू नये.