मिलिमीटरभर आकाश
दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही मोफत सेवा २००७ साली ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या एनएसएस-६ उपग्रहावरून ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बीवर गेली, आणि घरोघरची माणसं गच्चीवर गेली. आमच्याकडे मी पत्र्यावर, हातात पाना. आई खाली टीव्हीसमोर. "आलं, आलं... गेलं रे!" एवढाच संवाद. सेट टॉप बॉक्समध्ये नवी फ्रिक्वेन्सी भरायची, नट सैल करायचा आणि आग्नेयेकडे बघणारी डिशची छत्री किंचित दक्षिणेला ढकलायची. वर आकाशात हे दीड अंश म्हणजे सुमारे अकराशे किलोमीटर. खाली खांबावर जेमतेम मिलिमीटरभर! त्यातून टीव्हीच्या पडद्यावरचा सिग्नलच्या 'स्ट्रेंथ'चा पट्टा भलताच फसवा. तो नुसता गलका मोजतो, शेजारच्या उपग्रहालाही भुलून वर चढतो. 'क्वालिटी'चा पट्टा मात्र हवा तोच उपग्रह सापडल्याशिवाय हलत नाही. तो उठला म्हणून लगेच नट आवळू नये. छत्री थोडी पुढे न्यावी, आकडा उतरू लागला की मागे आणावी, आणि दोन्ही उतारांच्या मधोमध पक्की करावी. कोरड्या दिवशी काठावर पास झालेली छत्री पहिल्याच जोरदार सरीत नापास होते.